सेन्सरखालची गादी

ड्रोनच्या मोशन सेन्सरखाली मी कापसाची गादी घातली.

कबूल करतोय ते नाइलाजानं. दारव्ह्यात ही गोष्ट आता माझ्याशिवाय सगळे सांगतात आणि प्रत्येकाच्या तोंडी गादी वाढत जाते. परवा सलूनमध्ये एकानं ती उशीसकट सांगितली, मी शेजारच्याच खुर्चीत गालाला साबण लावून बसलेला असताना. म्हणून मूळ माप लिहून ठेवतो: दीड इंच लांब, दीड इंच रुंद, आत पिंजलेला कापूस, वर मांजरपाटाची खोळ, मधोमध एक टाका. उशी नव्हती.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे. पदवी बैठकीत भिंतीवर आहे आणि तिच्याखाली बसून वडील पेपर वाचतात. वडील तहसील कचेरीतून निवृत्त झाले, आजोबा पोस्टात होते. शेती अशी आमच्यात कोणी केली नाही. कापसाशी आमचा संबंध वाती, गाद्या आणि कानातला बोळा एवढाच. पुण्यात एका कंपनीत मी बरीच वर्षं सर्किट बोर्ड आखत होतो. तिथं माझ्या चुका पकडायला चार माणसं होती, त्यामुळं मी हुशार आहे असा माझा समज झाला. तो समज घेऊन मी गावी परत आलो आणि माडीवरच्या खोलीत वर्कशॉप उघडलं.

एका बाजाराच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मी ड्रोन उडवत होतो. उडवत होतो म्हणजे, विकतचा बोर्ड लावलेला तो ड्रोन आपला आपण उडत होता आणि मी रिमोट धरून घाबरत होतो. रस्त्यावर बोरी अरबची जीप सवाऱ्या भरायची वाट पाहत उभी होती. तिच्यातून एक तिशीतली बाई खाली उतरली, मैदानात आली आणि नमस्कार वगैरे न करता विचारती झाली, "भाऊ, याच्यातून तुरीच्या आतलं दिसते का?"

दिसतं, म्हणालो. तिनं रिमोट मागितला. पुढच्या दहा मिनिटांत ती माझ्यापेक्षा बरा ड्रोन उडवायला लागली आणि तिची जीप निघून गेली.

तिचं म्हणणं असं होतं. डिसेंबरात तूर डोक्यावर जाते. रानडुकरं मधोमध शिरतात, तिथं लोळतात, पीक आडवं करतात, पण कडेची तूर तशीच उभी राहते. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहणाऱ्याला वावर भरल्यासारखं दिसतं. मालकाला खरं कळतं ते सोंगणीच्या दिवशी. रोज कोणी वरून पाहिलं, तर त्याच दिवशी कळेल. गावात तिचा महिलांचा बचत गट होता. गटानं असा एक छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन ठेवावा आणि तो तिनं फिरवावा, असं तिच्या मनात होतं. मी तिला तेव्हापासून ताई म्हणतो, वयानं ती लहान असली तरी.

अडचण एकच होती. गटाची अध्यक्ष तिची सासू होती. घरातही तीच अध्यक्ष होती. सासूबाईंना ड्रोन नको होता. त्यांना मिरची कांडायची मशीन हवी होती. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मशीनमध्ये इकडून मिरची टाकली की तिकडून तिखट निघतं, हे डोळ्यांना दिसतं. ड्रोनमधून काय निघतं? ताईनं गटापुढं माझ्यासाठी शब्द टाकला. बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं: ड्रोन आधी उडवून दाखवायचा. डिसेंबरच्या बैठकीपर्यंत तो हवेत नीट उभा राहिला तर ठेवायचा. नाही तर मिरचीची मशीन घ्यायची, आणि तिच्यावर सूनबाईनं बसायचं.

आता, विकतचा बोर्ड लावलेला तोच ड्रोन दिला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या डोक्यात आलं, की यांना सगळा दारव्ह्यात बनलेला ड्रोन द्यायचा. स्वतः आखलेला बोर्ड. विकतचा बोर्ड मी अभ्यासासाठी खोलला आणि अभ्यास करता करता जाळला. त्यामुळं मागं फिरायची वाटही उरली नाही.

अशा बोर्डावर सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे मोशन सेन्सर. तांदळाच्या तीन दाण्यांएवढी काळी टिकली असते. आपण किती कललो, केवढ्या वेगानं वळतोय, जमीन कोणत्या बाजूला आहे, हे ती ड्रोनला सेकंदाला हजारदा सांगते आणि त्यावरून चार मोटर कमीजास्त फिरतात. ड्रोन तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. टिकली म्हणाली तू सरळ आहेस, की तो सरळ आहे. आडवा पडेपर्यंत सरळ आहे.

मी तीन वेगवेगळे सेन्सर मागवले. आमच्याकडच्या बाजारात बैल घेणारा माणूस दात पाहतो, पाठीवर थाप मारतो, चार पावलं चालवतो, चिखलातून नेऊन आणतो. मी काय केलं, तर तिन्हींचे माहितीचे कागद छापले, चष्मा लावला आणि ज्याचा कागद सगळ्यात गोड होता तो घेतला. त्या सेन्सरला मुंगी चालल्याचंही कळतं, इतका तो नाजूक, असा त्या कागदाचा सूर होता. ही नाजुकी कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या शांत टेबलावर मोजलेली होती. टेबलाला चार मोटर नसतात, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मग जागा. असा सेन्सर बोर्डाच्या मध्यावर बसवावा, कडेला नको, स्क्रूच्या भोकाजवळ तर नकोच, हे मला ठाऊक होतं. पुण्यात दुसऱ्यांना हे मी ओरडून सांगत असे. पण मध्यावर मी स्वतःचं नाव छापलं होतं. मोठ्या अक्षरात, पांढऱ्या शाईनं, वर्तुळ करून. सेन्सर सरकत सरकत कोपऱ्यात गेला, स्क्रूच्या भोकाला खेटून.

नोव्हेंबरच्या शेवटी बोरी अरबला पहिली चाचणी झाली. ड्रोन कमरेएवढा उचलला, हिव भरल्यासारखा थरथरला आणि कापसाच्या पऱ्हाटीत उलटा पडला. बायका हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. सासूबाई शेजारणीला एवढंच म्हणाल्या, की मिरचीवाल्याचा नंबर शोधून ठेव.

घरी येऊन पाहिलं तर दोन दुखणी निघाली. एक, मोटरींच्या थरथरीत त्या नाजूक सेन्सरला काहीच धड कळत नव्हतं. भर बाजारात कोणी कानात मंत्र सांगावा तसं. दुसरं, कोपऱ्यातला स्क्रू आवळला की बोर्ड केसभर वाकायचा, आणि तेवढ्यानं सेन्सर म्हणायचा, मी कललो. नवा बोर्ड करून यायला तीन आठवडे लागणार होते. बैठक दहा दिवसांवर.

तेव्हा मी ठरवलं, की कोपऱ्यातला सेन्सर बंद करायचा, तसाच दुसरा एक छोट्या वेगळ्या तुकड्यावर बसवलेला माझ्याकडं होता तो बोर्डाच्या मध्यावर, माझ्याच नावावर ठेवायचा आणि तारांनी जोडायचा. फक्त खाली काहीतरी मऊ पाहिजे, म्हणजे थरथर वर जाणार नाही. यासाठी खास फोम मिळतो. तो यवतमाळपर्यंत लवकर येतो, पुढं त्याच्या मनावर. मी विचार करत खिडकीत उभा राहिलो, आणि समोर गादीचं दुकान. मशीनमधून कापूस भुरूभुरू उडतोय. कापसाच्या जिल्ह्यात बसून मी फोमची वाट पाहत होतो. स्वतःच्या बुद्धीचं मला फार कौतुक वाटलं.

गादीवाले काका साठीचे आहेत, आमच्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांच्या हातच्या. मी बोटांनी माप दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

"कोणाले झोपवाचं हाये याच्यावर?"

मशीनसाठी आहे म्हणालो.

"मशीन झोपते?"

हलते, म्हणालो, हलू नये म्हणून. त्यांनी जास्त विचारलं नाही. चिमूटभर कापूस घेतला, खोळ शिवली, मधे टाका मारला आणि हातावर ठेवताना म्हणाले, "कापूस दबते हां, भाऊ. जिकडं भार, तिकडं दबते." मी हसलो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे लागू नाही अशा अर्थाचं ते हसणं होतं.

आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी जादू झाली. ताईनं मैदानावर ड्रोन वर नेला आणि तो खुंटीला टांगल्यासारखा उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. मी वडिलांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, पुण्याच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन करून देशी तंत्रज्ञानावर बोललो. कापसाचं नाव मात्र कोणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही. आत एक खास पॅड आहे म्हणालो.

बैठकीच्या चार दिवस आधी आम्ही पुन्हा बोरी अरबला गेलो. या वेळी सासूबाईंना मी स्वतः निरोप पाठवला होता, की या आणि पाहाच. जीप खचाखच भरली होती. ड्रोनचा खोका आडवा ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तो उभा करून दोन गुडघ्यांमध्ये धरला. तासभर रस्त्यानं जे काही हाडांना दिलं ते सगळं त्या खोक्यालाही मिळालं.

सकाळचं दव अजून होतं. सासूबाई अंगणात बाजेवर बशीतून चहा पीत बसल्या होत्या. ड्रोन वर गेला, क्षणभर थांबला आणि डावीकडं चालू लागला. धावला असता तरी बरं होतं. तो सावकाश, सभ्यपणे, पाहुणा वाढदिवसाला निघाल्यासारखा निघाला, सरळ सासूबाईंकडं. ताईनं उजवीकडं ओढला, सोडला, की परत डावीकडं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. बशी तेवढी त्यांनी छातीशी घेतली. ताईनं त्यांच्या पावलांपासून दोन हातांवर तो उतरवला.

पुन्हा उडवला. पुन्हा सासूबाईंकडं. चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, "याले माह्याकडंच कायले यायचं हाये?"

मी वाऱ्याबद्दल काहीतरी बोललो. वारा नव्हता, चुलीचा धूर सरळ वर चालला होता.  ताईनं झाकण उघडलं, बांगडीची सेफ्टी पिन काढली आणि सेन्सरचा तुकडा हळूच उचलला.

"भाऊ, हे गादी हाये का?"

"डॅम्पिंग पॅड," मी म्हणालो.

"याच्यात सरकी लागून राह्यली बोटाले."

त्यानंतरची पाच मिनिटं मी आयुष्यातून काढून टाकायला तयार आहे. अंगणातल्या सगळ्या बायका आल्या. प्रत्येकीनं बोटानं गादी दाबून पाहिली. जन्मभर कापूस वेचलेल्या बोटांना कळायला काय वेळ लागतो? इकडून दबली, एकीनं सांगितलं. ओल बी धरली, दुसरी म्हणाली. जीपमध्ये खोका उभा होता. सगळा कापूस एका अंगाला बसला होता, सेन्सर त्या अंगाला कलला होता, आणि ड्रोन बिचारा प्रामाणिकपणे तो कल सरळ करायला निघाला होता. सासूबाईंनी चष्मा मागवला, पाहिलं आणि सुनेला विचारलं, "आपल्या घरात छतापर्यंत कापूस भरला हाये, अन् यानं दारव्ह्याहून आणला?"

आता मात्र सगळ्या हसल्या. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं. हसणं संपल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, की शुक्रवारी बैठक आहे. तोवर उभा राहिला तर ठीक, नाही तर त्या मिरचीवाल्याला हो म्हणतील.

ताई जीपपर्यंत सोडायला आली. खोका माझ्याकडं दिला नाही, स्वतःच धरून उभी राहिली. मी चार वेळा माफी मागितली असेन. तिनं ऐकून घेतली आणि मग म्हणाली, "भाऊ, मले मिरची नाई कांडाची. लग्न झाल्यापासून जे लोकायनं देल्लं ते काम केलं. हे मी निवडलं हाये." खोका ती सकाळी स्वतः घेऊन येणार होती. माझ्याबरोबर पाठवायला तयार नव्हती.

मला रात्रभर काही सुचलं नाही, हे सांगण्यात अर्थ नाही. दिवसाही फारसं सुचत नाही. सकाळच्या पहिल्या जीपनं ती आली, खोका मांडीवर आडवा. वडिलांनी पेपरातून मान वर काढून तिची सगळी हकिगत विचारून घेतली. मग मला म्हणाले, "आमच्याकडे साधा अर्ज आला तरी आधी स्थळपाहणी व्हायची. तू या सेन्सरला हलत्या जागी पाहिलं होतंस का?"

ते इलेक्ट्रॉनिक्स आहे, बाबा, असं म्हणून मी वर गेलो आणि नेमकं तेच केलं.

स्वयंपाकघरातला पाटा वर नेला. ड्रोन त्याला सुतळीनं घट्ट बांधला, तिन्ही सेन्सर चिकटपट्टीनं ड्रोनच्या पाठीवर शेजारी शेजारी लावले आणि मोटर पंख्यांसकट चालू केल्या. खोलीतले कागद उडाले, त्यात माझे ते गोड कागदही होते. लॅपटॉपवर तीन रेघा उमटल्या. माझ्या लाडक्या सेन्सरची रेघ वारूळ फोडल्यासारखी झाली, तिच्यात काही वाचता येत नव्हतं. दुसऱ्याची थोडी बरी. तिसरा जो होता, जाडा, जुन्या वळणाचा, ज्याचा कागद मी पहिल्या पानावरच सोडला होता, त्याची रेघ हलत होती, पण शुद्धीवर होती. मोटर वाढवली की तेवढीच वाढायची, कमी केली की खाली यायची. मोठा धक्काही तो पचवत होता.

ताईनं पडद्यावर त्याच्यावर बोट ठेवलं. "हा."

मी तिला समजावलं, की बाजूचा कितीतरी नाजूक आहे, कागदावर या जाड्याचा गोंगाट दुप्पट दिसतो, तज्ज्ञ लोक शक्यतो असा घेत नाहीत. दहा मिनिटं तरी बोललो असेन. तिनं जमिनीवर पडलेला कागद उचलून माझ्या हातात दिला.

"मंग भाऊ, हा कागदच उडवा."

जाडा सेन्सर लावायचं ठरलं. मी माझ्या नावावरून काचपेपर फिरवून जागा साफ केली आणि विचारलं, की खाली काय घालावं, जे मऊ असेल पण दबून बसणार नाही. मी उत्तर रसायनशास्त्रात शोधत होतो. तिला ते सायकलमध्ये सापडलं. तिच्या मुलीच्या सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ती नेहमी स्वतः बदलायची. रबर दाबलं की दबतं आणि सोडलं की परत येतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून हातभर नळी आणली. तिचे चार सारखे तुकडे कापायचे, चार कोपऱ्यांत ठेवायचे, त्यांतून बारीक स्क्रू. कापायचं काम माझ्याकडं होतं. तीन बरोबर निघाले. चौथा ताईनं पुन्हा कापला.

एक गोष्ट मात्र मी केली, ती सांगून घेतो, कारण अशी जागा परत येणार नाही. सेन्सरच्या तुकड्यावर मी एक पितळी नट चिकटवला. हलकी वस्तू जास्त थरथरते. थोडा भार दिला की ती रबरावर निवांत बसते. आणि तारा जाड होत्या, त्यांच्यातूनच थरथर चढत होती, त्या काढून केसासारख्या बारीक लावल्या, झोल ठेवून. हे दोन्ही मला पुस्तकात न पाहता आठवलं. पुण्यातली चार माणसं अगदीच वाया गेली नव्हती म्हणायची.

शेवटी ड्रोनला सांगावं लागतं, की सरळ म्हणजे काय ते बघ आणि लक्षात ठेव. त्यासाठी तो अगदी सपाट जागी ठेवायचा. मी म्हटलं, चल गच्चीवर, गच्चीसारखी सपाट जागा नाही. ताईनं आमच्या घरातली परात मागितली, गच्चीवर नेऊन तिच्यात पाणी ओतलं. पाणी सगळं एका काठाला गेलं. गच्चीला मोरीकडं उतार असतो, हे मी त्याच घरात लहानाचा मोठा होऊन विसरलो होतो. मग खाली वडिलांच्या टेबलाखाली पेपरच्या घड्या घालत घालत परातीतलं पाणी चहूबाजूंनी सारखं केलं, परात काढली आणि तिथं ड्रोन ठेवला. वडिलांनी त्या दिवशीचा पेपर दुसऱ्या दिवशी वाचला.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर किती वेळा उडवला, मोजलं नाही. मधे एकदा मुद्दाम खोका उभा धरून मी गावभर चालून आलो. झाकण उघडलं, सेन्सर होता तिथंच होता, रबर आपलं रबर. तरी माझा विश्वास बसत नव्हता. गादीनंही दोन दिवस फसवलं होतं.

शुक्रवारी गटाच्या बायका धुऱ्यावर रांगेत बसल्या. सासूबाई मधोमध, बैठकीचं रजिस्टर मांडीवर. मी असा उभा राहिलो, की ड्रोन डावीकडं निघालाच तर वाटेत आधी मी लागेन. ताईनं डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि रिमोट हातात घेतला. मी तिच्याकडं पाहत नव्हतो, ड्रोनकडंही नाही. चपलेच्या अंगठ्याकडं पाहत होतो आणि आवाज ऐकत होतो.

आवाज वर गेला आणि तिथंच राहिला.

बराच वेळ मी मान वर केली नाही. मग बायकांमधली कुजबूज थांबली म्हणून केली. तुरीच्या शेंड्यांवर दोन पुरुष उंचीवर तो उभा होता. ना इकडं, ना तिकडं. ताईनं दोन्ही अंगठे रिमोटवरून उचलून बायकांना दाखवले, आणि तरी तो उभा होता. मग तिनं त्याला वावरावर पुढं काढला.

ते वावर सासूबाईंचं होतं. त्यांचं सगळ्यांना सांगणं असायचं, की आमच्या तुरीत डुक्कर शिरत नाही, घरचे लोक रात्रीची जागल करतात. ताई रिमोटचा पडदा त्यांच्यासमोर धरून तुरीचं एक एक तास, म्हणजे ओळ, पुढं जात होती. हिरवं, हिरवं, पिवळी फुलं, हिरवं. मग मधोमध एक मोठा गोल आडवा पडलेला, आणि त्या गोलात चार तपकिरी ढिगुळं. एक ढिगूळ उठलं, कूस बदलली आणि परत झोपलं.

सासूबाईंनी चष्मा नाकावर दाबला. "हे कोणाचं वावर हाये वं?"

"आपलंच हाये, आत्याबाई," ताई म्हणाली.

नंतर तिथं काय पळापळ झाली, कोणाचे नवरे काठ्या घेऊन कुठून शिरले, ते मी नीट पाहिलं नाही. मी पाहत होतो तो ड्रोन. माणसं आरडाओरडा करत तुरीत घुसली, डुकरं दुसऱ्या अंगानं निघाली, आणि हा वर तसाच, आपल्या जागी, सगळ्यांना दाखवत. बॅटरी उतरत आल्यावर ताईनं त्याला परत आणला आणि जिथून उचलला होता तिथंच, मातीवर उमटलेल्या त्याच्याच खुणांवर ठेवला. पंखे थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि फक्त मान हलवली.

 मी होतो तिथं धुऱ्यावर बसलो. गोखरूवर बसलो. ते टोचतंय हे कळायलाही थोडा वेळ लागला. इतकं बरं वाटत होतं. आता तिला मिरचीसमोर बसावं लागणार नव्हतं. माझ्या हातून तिचा शब्द पडला नव्हता. पडायचा तेवढा पडून उठला होता.

कडुनिंबाखाली बैठक बसली. ताई गटाची सचिव, रजिस्टर आता तिच्याकडं. चहा आला. मला गप्प बसता आलं असतं. पण सुटकेनं माणसाची जीभ सैल होते. मी उठून उभा राहिलो आणि गटाला सेन्सर कसा निवडावा ते सांगू लागलो. कागदावर विसंबू नये, म्हणालो. स्थळपाहणी करावी. रबर आणि कापूस यांतला फरक सांगितला, कापूस पिकवणाऱ्यांना. पितळी नटावर आलो तेव्हा दोन बायका कप घेऊन विसळायला निघून गेल्या होत्या.

सासूबाईंनी माझं सगळं ऐकलं. मग सुनेकडं वळल्या.

"लिव्ह."

"काय लिहू, आत्याबाई?"

"यंत्र ठेवून घ्या. इंजिनिअर वापस करा."